बाहेरची कडी

"आतून लागली पाहिजे," ती बाई हलक्या आवाजात म्हणाली. "आणि बाहेरून कुणी कितीही धक्के मारले तरी निघता कामा नये."

"न्हाणीघराचं दार आहे हे," बाबा म्हणाले.

"हो, माहीत आहे."

बाबांनी पुढं काही विचारलं नाही. गुडघ्याखाली पोत्याची घडी घेतली, दाराची फळी बोटांनी वाजवून पाहिली आणि माझ्याकडे न बघता हात मागं केला. मी त्यात ड्रिल दिलं. टाळेबंदीचा पाचवा आठवडा चालू होता आणि सात इमारतींच्या त्या वसाहतीत एका सकाळी बसवलेली ही आमची तिसरी आतली कडी होती.

आमची म्हणजे बाबांची. मी शाळेत भूगोल शिकवते. शाळा बंद होती, फोनवरून शिकवा असं अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरात बसून बसून मी भांड्यांवर डाफरायला लागले होते. बाबांना अत्यावश्यक सेवेचा पास मिळाला होता. त्यावर लिहिलं होतं, 'कुलूप-किल्ली कारागीर, सोबत एक मदतनीस'. बाबांना स्कूटर चालवता येत नाही, मला येते. अशी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी मदतनीस झाले. एरवीही ते मला मास्तरीणबाई म्हणतात. हातात चुकीचा पेचकस दिला की जरा जास्तच आदरानं म्हणतात.

लोक त्यांना कुलूपकाका म्हणतात. टाळेबंदी लागली तेव्हा ज्याला त्याला एकच विनोद सुचत होता: काका, आता तुमची चांदी. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे आम्ही माश्या मारत होतो. माणसं घरातच असल्यावर कुलूप लावणार कोण आणि किल्ली हरवणार कुठं?

दुकानात मागच्या भिंतीला एक लांब फळी आहे. तिच्यावर फोडलेली कुलुपं ठेवलेली असतात. कुठं घरफोडी झाली की नवं कुलूप बसवायला बाबांना बोलावणं यायचं, आणि येताना ते जुनं फुटकं कुलूप पिशवीत टाकून आणायचे. त्यावर खडूनं वस्तीचं नाव घालायचे: टेकडी, बाजार, नदीकाठ, गोदामं, सात इमारती. आई होती तोवर दर वर्षी हे भंगार काढायला सांगायची आणि दर वर्षी बाबा नुसतं हूं म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की चोऱ्या किती झाल्या ते पोलीस सांगतात, पण चोर कसा होता ते कुलूपच सांगतं. कटावणीनं उचकटलेलं म्हणजे घाईतला, करवतीनं कापलेलं म्हणजे निवांत, आणि ओरखडाही नसलेलं म्हणजे घरचाच.

ठाण्यातले जमादार दर गुरुवारी ही फळी बघायला यायचे. शहरातल्या गुन्ह्यांचा तक्ता त्यांच्याकडे असायचा, आणि बाबांची फळी आणि आपला तक्ता जुळतो का ते ताडून बघणं हा दोघांचा जुना खेळ. आता ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून तोंडावरच्या फडक्यातून ओरडून बोलायचे.

"टेकडीवर शून्य," ते त्या गुरुवारी म्हणाले. "अख्ख्या टेकडीवर महिन्यात एक घर फुटलं नाही. कधी ऐकलंत?"

"घरात माणूस दिसला की चोर पुढं जातो," बाबा म्हणाले. "बाजारात किती?"

"सहा शटर. त्यातली चार दारूची दुकानं."

"माझ्याकडं सात आहेत. एकानं तक्रारच दिली नसेल तुमच्याकडं." बाबांचे डोळे हसले. खेळातला एक गुण त्यांना मिळाला होता. "आणि सात इमारती?"

"काही नाही. बस बंद, खिसेकापू घरी. नदीकाठी तर सायकलसुद्धा गेली नाही. वरचे साहेब खूश आहेत. म्हणतात, चोरसुद्धा घरात बसलेत."

"बसलेत खरं," बाबा म्हणाले आणि हातातली कानस पुन्हा चालवायला लागले.

मला मात्र राहवेना. टेकडीवर शून्य, बाजारात सात, सायकली जागच्या जागी. शहराचा एक नवाच नकाशा तयार होत होता आणि मी तर नकाशेवाली. शाळेसाठी आणलेला शहराचा मोठा कागदी नकाशा मी माझ्या खोलीत टांगला आणि पेन्सिलीनं ठिपके द्यायला सुरुवात केली. फुटलेल्या कुलपाला काळा ठिपका. आणि आतल्या कडीला काय द्यायचं हे न सुचल्यानं तांबडा.

तांबड्या ठिपक्यांनी माझी झोप उडवली. चोरी कुठं होते हे कळायला शहाणपण लागत नाही. जिथं माल आणि जिथं माणूस नाही, तिथं. पण या कड्या सगळीकडे होत्या. टेकडीवर दोन, नदीकाठी तीन, सात इमारतींत नऊ. श्रीमंत-गरीब असा काही भेद नव्हता. बाहेर चोर नसताना लोकांना घराच्या आत कड्या कशाला हव्यात? काहींचं कारण सरळ होतं. एका घरात आजारी माणसाला वेगळं ठेवायचं होतं. एका जावयाला सासूबाईंपासून लपून फोनवर बोलायचं होतं, आणि त्यानं ते इतक्या कळवळून सांगितलं की बाबांनी त्याला कडीला तेलही घालून दिलं. पण बाकीच्या बायका होत्या. त्या कारण सांगत नव्हत्या, आणि नवरा अंघोळीला गेलेला किंवा झोपलेला असतानाच आम्हाला बोलवत होत्या.

"बाबा, विचारा ना त्यांना," मी एकदा म्हटलं.

"दाराला काय हवं ते विचारायचं. दारामागच्या माणसाला विचारायचं नाही." हा त्यांचा धंद्यातला नियम. "लोक मला घरात घेतात, कपाटं उघडून देतात. का घेतात? मी चौकशा करत नाही म्हणून."

"मग त्या ठिपक्यांचं मी काय करू?"

"तू विद्यार्थ्यांना विचार," ते म्हणाले. माझे विद्यार्थी बारा वर्षांचे होते.

त्यानंतर दोन दिवसांनी नदीकाठच्या एका घरातून फोन आला. पुरुषाचा आवाज, अतिशय सभ्य. मी विमा कंपनीत आहे, सध्या घरून काम करतो. आई बरोबर असते, वयानं तिला विसर पडतो, परवा दार उघडून रस्त्यावर गेली, आता या साथीत काय म्हणावं? तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवून मिळेल का?

"मिळेल की," बाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बघ. आईची एवढी काळजी करणारी माणसं राहिली नाहीत आता." मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर होतं. विमावाल्यांनी दारातच आमच्या हातावर औषधाचं पाणी घातलं, बाबांना काका म्हटलं, मला खुर्ची दिली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. "घरफोडीचे दावे बघतो मी," ते हसत म्हणाले. "हल्ली दावेच नाहीत. कंपनीला बरे दिवस आलेत." बाबांना त्यात फार गोडी वाटली. टेकडीवर किती, बाजारात किती, दोघांनी थोडा वेळ ताळा केला. माणूस हुशार होता आणि आम्हाला आवडला.

खोलीचं दार बंद होतं. दिवाणखान्यात उघडणारं, पातळ फळीचं.

"आजी आत आहेत? ठोकाठोकीनं घाबरायच्या."

"झोपलीय. तिची झोप गाढ आहे. तुम्ही करा."

बाबांनी कमरेच्या उंचीवर खूण केली. विमावाले म्हणाले, आणखी वर, पार वर. बाबांनी वर केली. कडी दारावर, कोयंडा चौकटीवर. कोयंड्याला त्यांनी नेहमीसारखे लांब स्क्रू घातले. त्यांचं म्हणणं असं की कडी दिसायला असते, सगळा जोर कोयंडा सोसतो. तो लाकडात खोल गेला पाहिजे. फळी पातळ असल्यानं दारावर भोक पाडताना ड्रिलचं टोक जरासं पलीकडे निघालं. आतून चिरफळी उडून खाली पडली का बघावं म्हणून बाबांनी दार वीतभर ओढलं आणि खाली वाकले.

"लावा, लावा," विमावाले पटकन पुढं झाले. "जाग येईल तिला."

बाबांनी दार लावलं, कडी सरकवून पाहिली. "चार दिवसांनी येतो आवळायला," ते म्हणाले.

"कशाला? गरज नाही."

"नवं काम लाकडात बसायला चार दिवस घेतं. त्याचे पैसे नसतात."

उतरताना मी दाराजवळच्या चपला बघितल्या. पुरुषाचे दोन जोड, आणि एक बाईची सँडल, टाच उंच, पट्ट्याला छोटं बक्कल. म्हाताऱ्या बाईच्या चपला कुठंच नव्हत्या. मी ते बघितलं आणि खाली उतरले. बाहेर जायला मनाई असलेल्या आजीच्या चपला लपवल्या असतील, असं मीच मला सांगितलं.

त्या दिवशी बाबा थांबून थांबून जेवत होते. शेवटी ताट सारून म्हणाले, "भुसा गोळा केला होता."

"कसला भुसा?"

"ड्रिलचा. पलीकडे पडला असणार तो. मी दार ओढून बघितलं, तर उंबऱ्याशी त्याची छोटी ढिगली करून ठेवलेली होती. हातानं. मी भोक पाडत होतो तेव्हा कुणीतरी आत दाराशी बसून ते गोळा करत होतं." ते माझ्याकडे बघत होते. "झोपलेली बाई भुसा गोळा करते का?"

"आतली कडी होती त्या दाराला?"

"काढलेली. चार भोकं उघडी होती, ताजी. म्हटलं विसरभोळी बाई आतून अडकायची म्हणून काढली असेल. सगळ्याला उत्तर होतं ना माझ्याकडं."

मग मी त्यांना सँडलचं सांगितलं. मला माझी लाज वाटत होती, आणि त्यांना त्यांची. आयुष्यभर त्यांनी दारं बाहेरच्यांसाठी बंद केली होती. या वेळी त्यांनी स्वतःच्या हातानं, लांब स्क्रू घालून, एक माणूस आत बंद केलं होतं.

सकाळी आम्ही ठाण्यावर गेलो. जमादारांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. नदीकाठच्या रकान्यात शून्य होतं.

"तक्रार कुणाची लिहू?" ते म्हणाले. "भुशाची?"

"माझी लिहा."

"तुमचं काय गेलंय?" पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमच्यासमोरच विमावाल्यांना फोन लावला, साथीची पाहणी आहे, घरात किती माणसं, असं विचारलं. मग एका बाईशी बोलले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोघंच राहतात म्हणाला. नवरा-बायको."

"आणि आई?" मी विचारलं.

"आईचं नावच काढलं नाही. बायकोला दिला फोन. ती म्हणाली, सगळं ठीक आहे. अगदी शांत आवाजात." त्यांनी डोकं खाजवलं. "उस्ताद, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण ती स्वतः ठीक आहे म्हणतेय, आणि माझी निम्मी माणसं नाक्यावर, चार तापानं पडलेली. दार तोडून आत शिरलो आणि ती पुन्हा तेच म्हणाली, तर? आम्ही परत येऊ. ती तिथंच राहील."

"मग काय करायचं?"

"ती एकदा दाराबाहेर आली आणि इथवर पोचली, की पुढचं माझ्यावर सोडा. तिचा जबाब लिहायला बाई बसवीन. पण यायला हवं तिनं."

परत येताना सिग्नलला बाबा मागून म्हणाले, "आवळणीला परवा जायचं ना?" मी म्हटलं, हो, परवा चौथा दिवस. "उद्या नको. लवकर गेलो तर त्याला वास येईल," ते म्हणाले.

ते दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मी नकाशाकडे बघितलंही नाही. आपण ज्याला कुतूहल म्हणत होतो ते किती स्वस्त होतं, असं वाटत राहिलं. बाबा दुकानात बसून डबे उपसत होते आणि स्क्रू निवडत होते.

चौथ्या दिवशी विमावाल्यांनी दार अर्धंच उघडलं. कानात बोलायचं यंत्र होतं. "काका, नको म्हटलं होतं ना. माझी मीटिंग चालू आहे."

"दोन मिनिटं. माझं काम हललं तर लोक तुम्हाला नाही, मला हसतात."

"हलत नाहीये हो."

"तुम्हाला नाही दिसणार," बाबा आत शिरत म्हणाले, आणि शिरताना बाहेरच्या दाराचं कुलूप आतून नुसतं फिरवलं की उघडतं हे त्यांनी बघून घेतलं. इतका हटवादी म्हातारा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. विमावाल्यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी हसले. काय करणार, म्हातारे असेच, अशा अर्थाचं हसले.

विमावाले टेबलाशी बसले, पण खुर्ची दाराकडे वळवून. बाबांनी घरातल्याच छोट्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्यांच्याकडे पाठ केली आणि कोयंड्याचा एक स्क्रू काढला. तो डाव्या खिशात गेला. उजव्या खिशातून दुसरा आला. डोकं तसंच, पितळी, पण लांबी जेमतेम नखाएवढी. लांब स्क्रूनं पाडलेल्या भोकात तो नुसता टेकून राहिला. बाबा पेचकस जोर लावून फिरवल्यासारखा फिरवत होते, कपाळावरचा घामसुद्धा पुसत होते. असे चारही.

आणि ते करता करता ते मोठ्यानं बोलायला लागले.

"आजी, ऐकू येतंय का? मी कुलूपकाका. कडी आवळतोय. घाबरू नका."

"ती नाही ऐकत," विमावाले कानातल्या यंत्रावर हात ठेवून म्हणाले.

"म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागतं हो. माझी आई अशीच होती." मग पुन्हा दाराला, "आजी, नीट ऐका. दाराला धक्का मारायचा नाही. त्यातून कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, तिथं तर खांदा लावायचाच नाही. एकदा नाही आणि दोनदा तर नाहीच. पडाल. आणि साहेब किराण्याच्या रांगेला खाली जातात तेव्हा घरात कुणी नसतं, तेव्हा असलं काही करायचं नाही. कळलं का?"

आतून एक आवाज आला, लाकडाला नख लागावं तेवढा. मला आला तो विमावाल्यांनाही आला असेल असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते यंत्रात कुणाला तरी म्हणत होते, "हो सर, कारागीर आलाय, दोनच मिनिटं."

"उगाच कुठं जायचं नाही," बाबांनी चालूच ठेवलं. "पूल ओलांडला की पाण्याच्या टाकीखाली माझं दुकान, त्याच्या पलीकडं पोलीस ठाणं. एवढ्या लांब तुम्हाला चालवायचं नाही. बसून राहा."

विमावाले हसले. "काका, तुम्ही तिला सगळा रस्ताच सांगितलात."

"नाही का सांगायला पाहिजे होता?" बाबा भाबडेपणानं म्हणाले. "विसरतील म्हणता ना."

पुलावर आल्यावर त्यांनी मला स्कूटर थांबवायला सांगितली आणि कठड्याला धरून उभे राहिले. डाव्या खिशातले चार लांब स्क्रू काढून तळहातावर धरले. "कच्चं काम केलं मी," ते म्हणाले. "जाणूनबुजून. कधी केलं नव्हतं." मी म्हटलं, बाबा, चांगलं केलंत. ते म्हणाले, "चांगलंच केलं गं. पण कच्चं केलं." हे दुःख मला तेव्हा पुरतं समजलं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जमादार आले, गुरुवार नसताना, आणि रस्ता ओलांडून अगदी जवळ आले.

"आली," ते म्हणाले. "अनवाणी. खांदा सुजलेला. दीड तास बोलत होती, माझी लिहिणारी बाई मधेच उठून पाणी पिऊन आली. तिच्या मोठ्या बहिणीला बोलावून तिच्याबरोबर पाठवून दिलंय. कुठं ते मी तुम्हालाही सांगणार नाही."

बाबा स्टुलावर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"एक लक्षात ठेवा," जमादार म्हणाले. "त्याला आज ना उद्या उचलू, पण कागद पुरे व्हायला दोन-चार दिवस लागतील. तोवर तो मोकळा आहे आणि तिला शोधतोय. तिला कुणीतरी मदत केली असं त्याला वाटलं, तर तो त्या माणसाच्या मागं लागेल आणि तिथून तिच्यापर्यंत. तिनं जबाबात सांगितलंय, दार कच्चं होतं, आपोआप निघालं. तेच राहू दे."

"तेच खरं आहे," बाबा म्हणाले.

विमावाले दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. आमच्या शेजारी किराण्याचं दुकान आहे. बाहेर चुन्याच्या गोलांत रांग उभी होती, वीस-पंचवीस माणसं, निम्मी आमच्या ओळखीची. किराणावाल्या मावशी काउंटरमागून माप देत होत्या. विमावाल्यांची दाढी वाढली होती, पण आवाज अजून सभ्यच होता आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल इतका चढवलेला होता.

"हे बघा, कुलूपकाका." त्यांनी कोयंडा आमच्या पायरीवर टाकला. त्यात अजून दोन स्क्रू लोंबत होते. "हे बघा सगळ्यांनी. चौकटीला अर्ध्या नखाचे स्क्रू. लांब स्क्रूंचे पैसे घेतले आणि हे घातले. विश्वासानं घरात घेतो आपण या लोकांना."

रांग वळली. बाबांनी वाकून कोयंडा उचलला, स्क्रू काढून उजेडात धरला, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"हे तुम्ही बसवलंत की नाही?"

"मीच बसवलं."

"मुद्दाम?"

तो प्रश्न साधा नव्हता. ते बाबांच्या डोळ्यांत बघत होते. मी तोंड उघडलं. सांगून टाकावं, इथल्या प्रत्येकाला, या माणसानं आपल्या बायकोला खोलीत डांबलं आणि आईचं नाव सांगितलं. बाबांनी माझ्याकडे न बघता हात मागं केला. ड्रिल मागताना करतात तसाच, पण पालथा. मी गप्प बसले.

"मुद्दाम कोण करेल?" ते म्हणाले. "चुकलं माझं. डोळ्यांना कमी दिसतं हल्ली, हातही थरथरतात. डबे बदलले असतील. कच्चं झालं काम." मग रांगेकडे वळून, सगळ्यांना कळावं म्हणून, पुन्हा म्हणाले, "साहेब बरोबर बोलतायत. काम कच्चंच आहे."

विमावाले थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांचा ताण सैल झाला, मी तो सैल होताना पाहिला. त्यांच्यासमोर एक थकलेला, निरुपयोगी म्हातारा होता, आणि अशा माणसामागं लागण्यात काही अर्थ नव्हता.

"पुन्हा बसवून देतो," बाबा म्हणाले. "फुकट. आजींसाठी लागेल ना?"

"नको आता," ते पुटपुटले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी जमादारांनी त्यांना घरूनच उचललं. पण हे रांगेला कुठं माहीत होतं? आणि कुणाला सांगायचंही नव्हतं, कारण जामिनावर सुटून तो पुन्हा विचारत फिरला असता. रांगेनं ऐकलं होतं ते एवढंच, की कुलूपकाका आता थकले, लांब स्क्रूंचे पैसे घेऊन आखूड घालतात आणि स्वतःच्या तोंडानं कबूल करतात.

फोन कमी झाले. मग फारच कमी झाले. नदीकाठचे लोक स्टेशनजवळच्या नव्या माणसाला बोलवायला लागले. टेकडीवरची एक बाई मला फोनवर फार गोड आवाजात म्हणाली, काकांना आता आराम करू दे. मी चिडायचे, बाबा ऐकून घ्यायचे. जमादार गुरुवारी येत राहिले, पण फळीवर सांगण्यासारखं काही नवीन नसायचं.

महिन्याभरानं एका सकाळी आम्ही दुकान उघडायला आलो. शेजारच्या मावशींचं शटर अजून बंद होतं, आणि त्याला नवं कुलूप होतं. जुनं बाबांनीच बसवलेलं, अठरा वर्षांपूर्वीचं. मावशी वर खिडकीत उभ्या होत्या. आम्हाला बघून त्या पटकन आत सरकल्या.

बाबा थांबले. हातातली पिशवी पायरीवर ठेवली, चष्मा वर केला आणि गुडघ्यावर हात टेकून त्या कुलपापाशी वाकले. दोन बोटांनी ते उचलून पाहिलं, कोयंडा हलवून पाहिला, अंगठ्यानं स्क्रूंची डोकी एकेक करून चाचपली.

"चांगलं बसवलंय," ते म्हणाले, खिडकीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि आमचं दार उघडायला पुढं झाले.